जर्सीत घर, न्यूयॉर्कात नोकरी: राज्याचा आणि गावाचा कर कसा समजून घ्यायचा?

हडसनकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं गेल्या वर्षी न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत भाड्याने राहायला आलो. माझं ऑफिस मॅनहॅटनमध्ये. आठवड्यातले तीन दिवस पाथ ट्रेनने जाते, दोन दिवस घरून काम. नवऱ्याची नोकरी जर्सीतच, न्यूअर्कला. फेडरल टॅक्स आता बऱ्यापैकी कळतो, पण राज्य आणि गाव म्हटलं की माझा गोंधळ उडतो.

माझ्या पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर, न्यूयॉर्क स्टेटचा कर कापला जातो, जर्सीचा एक डॉलरही नाही. राहते मी जर्सीत. मग घरून काम केलेल्या दोन दिवसांच्या पगारावर न्यूयॉर्कचा हक्क कसा? आणि एप्रिलमध्ये जर्सी त्याच पगारावर पुन्हा कर मागणार का?

दुसरं म्हणजे, आम्ही मिडलसेक्स काउंटीत घर बघतोय. एक आवडलंय, पण त्याचा वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स १३,००० डॉलर लिहिलाय. तो आकडा बघून नवरा म्हणतो, कंपनीची डॅलसला बदलीची ऑफर आहे, तिकडेच जाऊ, टेक्सासला टॅक्सच नाही. हे खरंच इतकं सरळ आहे?

आणि भाडेकरू म्हणून आम्ही गावाला काही कर देतो का, की तो फक्त घरमालकाचा विषय?

सरकारी वेबसाइट वाचून झाल्या आहेत. जे स्वतः भरतात त्यांनी सांगावं, ही विनंती.

डॅलसचा_दादा

टेक्सासबद्दल मी सांगतो, मी इथे घर घेऊन राहतो. राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे खरं, आणि २०१९ मध्ये मतदारांनी तो लावायला राज्यघटनेतच बंदी घातली. म्हणजे पुढे एखाद्या सरकारच्या मनात आलं तरी तो सहज लावता येणार नाही. पगार जास्त आणि घर बेताचं असेल तर हा फायदा मोठा आहे.

पण शाळा, रस्ते, पोलीस चालवायला पैसा लागतोच, आणि तो इथे घरावरून येतो. माझ्या बिलात काउंटी, शहर, शाळा जिल्हा, कम्युनिटी कॉलेज आणि काउंटीचं हॉस्पिटल अशा वेगवेगळ्या ओळी आहेत. सगळ्यांचे दर मिळून सुमारे दोन टक्के होतात, आणि सर्वात मोठा वाटा शाळा जिल्ह्याचा. नव्या वस्तीत घर घेतलंत तर एमयूडी नावाची आणखी एक ओळ असू शकते. बिल्डरने टाकलेल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनींचं कर्ज रहिवासी त्यातून फेडतात. घर बघताना एजंटला हे विचारल्याशिवाय राहू नका.

स्वतः राहत असलेल्या घराला होमस्टेड सवलत मिळते. शाळेच्या करासाठी घराच्या किमतीतून १ लाख ४० हजार डॉलर वजा होतात. हा आकडा आधी १ लाख होता, नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात वाढला. सवलत लागली की पुढच्या वर्षापासून करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. किंमत चुकीची वाटली तर साधारण १५ मेपर्यंत हरकत घेता येते. मी दर वर्षी घेतो आणि शेजाऱ्यांनाही घ्यायला लावतो. सेल्स टॅक्स बहुतेक शहरांत ८.२५ टक्के.

तर टॅक्सच नाही हे वहिनींनी मनातून काढून टाकावं. इथे टॅक्स पगारावर नाही, घरावर आणि खरेदीवर आहे.

पावतीवाल्या_काकू

अगं, तुझे प्रश्न वाचले आणि लिहायलाच बसले. मी मध्य जर्सीतल्या एका टाउनशिपच्या (म्हणजे गावाच्या) टॅक्स कलेक्टरच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करते. इन्कम टॅक्स आमच्या खिडकीचं काम नाही, पण आमचे हे रोज पेन स्टेशनला जातात, त्यामुळे न्यूयॉर्कचं प्रकरण घरचंच आहे.

आधी पगाराचं. न्यूयॉर्क म्हणतं, नोकरी आमच्याकडची, आणि घरून काम तू स्वतःच्या सोयीसाठी करतेस, कंपनीला तशी गरज आहे म्हणून नाही. तेव्हा ते दोन दिवसही आमचेच. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण त्या दोन दिवसांत तू रस्ता जर्सीचा वापरतेस, ॲम्ब्युलन्स लागली तर जर्सीची येणार. पण नियम आहे आणि तुला लागू आहे. कंपनीने तुला जर्सीतूनच काम करायला लावलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्याचा लेखी पुरावा लागतो.

रिटर्न भरताना आधी न्यूयॉर्कचा बाहेरच्या रहिवाशांचा फॉर्म कर, आयटी-२०३. मग जर्सीचा एनजे-१०४०. क्रम उलटा चालत नाही, कारण जर्सी जे क्रेडिट देतं, म्हणजे न्यूयॉर्कचा कर आपल्या करातून वजा करतं, त्यासाठी न्यूयॉर्कला भरायच्या कराचा अंतिम आकडा हातात असावा लागतो. स्टबवर कापलेली रक्कम तिथे चालत नाही. समज तुझ्या पगारावर न्यूयॉर्कचा कर ९,००० डॉलर आला आणि त्याच पगारावर जर्सीच्या हिशेबाने ६,००० होतो. जर्सी ६,००० चं क्रेडिट देतं, वरचे ३,००० कुणी परत देत नाही. म्हणजे एकाच पगारावर दोनदा कर नाही, पण दोन राज्यांत ज्याचा जास्त, तेवढा तुझ्या खिशातून जातो.

तुम्ही फेडरल रिटर्न एकत्र भरत असाल तर न्यूयॉर्कचंही साधारणपणे एकत्रच भरावं लागतं. तिथे तुझ्या नवऱ्याचा पगार दिसेल आणि धस्स होईल. त्याच्या न्यूअर्कच्या पगारावर न्यूयॉर्क कर घेत नाही. पण आधी दोघांच्या एकूण उत्पन्नावर कर काढतात आणि मग त्यातला न्यूयॉर्कच्या उत्पन्नापुरता हिस्सा घेतात, त्यामुळे तुझ्या पगाराला दर वरचा लागतो. त्याच्या पगारावर जर्सीचा कर लागतो, तो त्याच्या स्टबवर कापला जात असणारच.

न्यूयॉर्क शहराचा वेगळा कर तुला नाही. तो शहरात राहणाऱ्यांचा, तीन ते जवळपास चार टक्के. बाहेरून कामाला येणाऱ्यांवरही एक छोटा कर होता, तो १९९९ मध्ये रद्द झाला. स्टबवर शहराची ओळ दिसली तर एचआरकडे तुझा जुना पत्ता राहिलाय का ते बघ. आठवड्याला ६० सेंट जातात ते न्यूयॉर्कच्या अपंगत्व विम्याचे, त्याची काळजी करू नकोस.

दोन गोष्टी आपल्या लोकांच्या हमखास सुटतात. भारतातल्या एफडीच्या व्याजावर तिकडे कर भरला असेल तर फेडरलमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं, जर्सीत परदेशी कराचं क्रेडिट नाही. व्याज मात्र जर्सीच्या रिटर्नमध्ये दाखवायचंच. आणि एचएसएमध्ये, म्हणजे औषधोपचारासाठीच्या बचत खात्यात, टाकलेले पैसे फेडरलला करमुक्त, जर्सी त्यावर कर घेतं. सॉफ्टवेअरने ते उत्पन्नात परत धरलंय का, हे एकदा डोळ्यांनी बघ.

आता घराचा कर. हा माझ्या रोजच्या कामाचा आणि जिव्हाळ्याचा विषय आहे.

लोक खिडकीवर येऊन आमच्यावर रागावतात की टाउनशिप १३,००० घेते. आम्ही गोळा १३,००० करतो, पण सगळे आमचे नसतात. ज्या घराचं बिल तू बघितलंस त्याचा कागद मागून घे. वर ब्लॉक आणि लॉट नंबर असतो. मग जमिनीची किंमत, बांधकामाची किंमत आणि दोन्हींची बेरीज. त्याखाली एकेक ओळ: काउंटी, शाळा, म्युनिसिपल, लायब्ररी, मोकळ्या जागांचा निधी. प्रत्येकापुढे शंभर डॉलरमागे दर आणि रक्कम. समज ७,२०० शाळेचे, ३,६०० टाउनशिपचे, २,००० काउंटीचे आणि उरलेले लायब्ररी नि मोकळ्या जागांचे. जर्सीत बहुतेक गावांत शाळेची ओळ सर्वात जाड असते, राज्यभराचा हिशेब धरला तरी निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. २०२४ मध्ये राज्यातलं सरासरी बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर गेलं, त्यामागे हेच आहे. ज्या शाळांसाठी आपली माणसं ठरावीक गावं शोधत फिरतात, त्या शाळांचा खर्च या ओळीत आहे.

दर कसा येतो हे फार थोड्यांना माहीत असतं. आधी खर्च ठरतो. शाळा, टाउनशिप आणि काउंटी आपापलं बजेट करतात, राज्याची मदत आणि इतर उत्पन्न वजा होतं, आणि उरलेली रक्कम गावातल्या सगळ्या मालमत्तांच्या एकूण किमतीवर वाटली जाते. त्यातून दर निघतो. म्हणून गावात सगळ्यांच्या घरांचं फेरमूल्यांकन झालं की प्रत्येकाचा कर वाढतो असं नाही. तुझी जर्सी सिटी घे. तिथे १९८८ नंतर थेट २०१८ मध्ये फेरमूल्यांकन झालं. तीस वर्षांत नदीकाठच्या घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या होत्या आणि कर जुन्या आकड्यांवर चालला होता. त्या भागातल्या अनेकांची बिलं वाढली, आणि ज्या भागांत किमती तितक्या वाढल्या नव्हत्या तिथल्या अनेकांची कमी झाली. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या वाटचाही कर भरत होते.

घर घेताना ऑनलाइन जाहिरातीतल्या कराच्या आकड्यावर विसंबू नकोस. आधीच्या मालकाला काही सवलत असू शकते. पूर्ण अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाचं घर असेल तर त्याला करमाफी असते, तुला नसणार. आणि नवीन बांधकाम घेणार असशील तर नीट ऐक. पहिली बिलं बऱ्याचदा फक्त जमिनीच्या किमतीवर येतात. बँक त्यावरूनच एस्क्रोचा, म्हणजे कर भरण्यासाठी ती तुमच्याकडून दरमहा घेऊन ठेवते त्या पैशांचा, हप्ता बांधते. मग घर पूर्ण झाल्यापासूनच्या महिन्यांचं वेगळं बिल ऑक्टोबरात येतं आणि १ नोव्हेंबरला भरायचं असतं. त्याला ॲडेड असेसमेंट म्हणतात. खिडकीवर तरुण जोडपी हे बिल हातात घेऊन येतात. घराची सगळी पुंजी डाऊन पेमेंटमध्ये गेलेली असते, आणि पुढ्यात काही हजारांचं बिल. बरं, ते बिल बँकेकडे आपोआप जाईलच याची खात्री नसते. घरी आलं की त्याच दिवशी बँकेला फोन करायचा.

हप्ते चार: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. पहिले दोन गेल्या वर्षीच्या बिलाच्या अंदाजाने असतात, खरा दर उन्हाळ्यात ठरतो, म्हणून वाढ झाली की ती शेवटच्या दोन हप्त्यांत एकदम जाणवते. बहुतेक गावं दहा दिवस सूट देतात. त्यापुढे व्याज लागतं, थकबाकीच्या पहिल्या १,५०० डॉलरवर ८ टक्क्यांपर्यंत आणि वरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत. बिल मिळालं नाही ही सबब कायद्यात चालत नाही, आणि हे कुणाला सांगावं लागतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

किंमत जास्त लावलीय असं वाटलं तर काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे अपील करता येतं. बहुतेक काउंट्यांत मुदत १ एप्रिल, मॉनमथसारख्या काही ठिकाणी १५ जानेवारी. तिथे जाऊन "कर फार आहे" असं म्हणून उपयोग नाही. "माझं घर एवढ्या किमतीचं नाही" हे दाखवावं लागतं, आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आधी विकल्या गेलेल्या तुझ्यासारख्याच घरांच्या किमती देऊन. कराची रक्कम कमी व्हावी असं वाटत असेल तर जागा वेगळी आहे: एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला होणारी शाळेच्या बजेटची जाहीर सुनावणी, आणि वसंतातलं टाउनशिपचं बजेट. माझी सगळ्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती आहे, त्या सभांना जा. मी बसते तिथे. एवढ्या मोठ्या रकमांवर मत होतं आणि खुर्च्या रिकाम्या असतात.

डॅलसच्या दादांनी लिहिलंय ते बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालते की तुलना करायची तर एका कागदावर दोन्हीकडचा पगारावरचा कर, त्याच किमतीच्या घराचा कर आणि घरविमा असे तिन्ही आकडे मांड. तुमच्या दोघांच्या पगारावर टेक्सास जिंकण्याची शक्यता आहे. पण त्यात नवऱ्याचा पगार तोच आणि तुझी नोकरी टिकली, हे धरलेलं असतं. आणि राज्य-गावाचे कर फेडरलमध्ये वजा करायची मर्यादा २०१८ पासून १०,००० डॉलर होती, ती २०२५ साठी ४०,००० झाली. जर्सीत घर घेणाऱ्याला हे आता खूप कामाचं आहे, पण तुमच्या सगळ्या वजावटी मिळून स्टँडर्ड डिडक्शनच्या (सगळ्यांना मिळणाऱ्या सरसकट वजावटीच्या), म्हणजे २०२५ साठी जोडप्याला ३१,५०० च्या, वर गेल्या तरच. ५ लाखांवर उत्पन्न असेल तर ती मर्यादा खाली येत जाते, आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० होणार असं कायद्यात आहे. तीस वर्षांचं कर्ज काढताना ही सवलत कायमची धरू नका.

भाडेकरूंबद्दल: तुमच्या भाड्यात मालकाचा कर असतोच. जर्सी तो मान्यही करतं. वर्षाच्या भाड्याचे १८ टक्के हा तुमचा प्रॉपर्टी टॅक्स धरून राज्याच्या रिटर्नमध्ये वजा करता येतो, कमाल १५,००० पर्यंत. ३,२०० डॉलर भाडं असेल तर वर्षाचे ६,९१२ झाले. मात्र बिल्डिंग नेहमीचा प्रॉपर्टी टॅक्स भरणारी हवी. जर्सी सिटीतल्या बऱ्याच टॉवरना पायलट आहे, म्हणजे कराऐवजी शहराशी ठरलेली रक्कम. त्यातली जवळपास सगळी शहराला, पाच टक्के काउंटीला आणि शाळांना थेट काही नाही. तसं असेल तर ही वजावट तुम्हाला नाही. लीजिंग ऑफिसला विचार.

चेरीहिलकर

काकूंचं वाचून फिलाडेल्फियाकडच्यांसाठी थोडं. मी दक्षिण जर्सीत राहतो, नोकरी फिलाडेल्फियात. जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा करार आहे, पगारावरचा राज्याचा कर फक्त राहत्या राज्याला. कंपनीला त्याचा फॉर्म द्यावा लागतो, नाहीतर पेनसिल्व्हेनियाचा कापत राहतात. पण हा करार शहराला लागू नाही. फिलाडेल्फियाचा वेज टॅक्स, म्हणजे शहराचा पगारावरचा कर, माझ्या स्टबवर कापला जातोच, जुलै २०२५ पासून बाहेरच्यांना ३.४३ टक्के. त्याचं क्रेडिट जर्सी देतं. कंपनीने ज्या दिवशी शहराबाहेर काम करायला लावलं त्या दिवसांचा परतावा शहराकडून मागता येतो. कंपनीची सही असलेलं पत्र लागतं, मी ते दर जानेवारीत घेऊन ठेवतो.

हडसनकाठची

काकू, दादा, चेरीहिलकर, मनापासून आभार. आज लीजिंग ऑफिसला विचारलं. आमची बिल्डिंग पायलटवालीच निघाली, म्हणजे १८ टक्क्यांचं गेलं. नवऱ्याला काकूंचा कागदाचा सल्ला वाचून दाखवला, शनिवारी दोघं मिळून मांडणार आहोत.

एकच राहिलं. ते मिडलसेक्सचं घर २०२३ मध्ये बांधलेलं आहे आणि मालक पहिलाच. त्याचा १३,००० चा आकडा खरा आहे की जमिनीपुरता, हे मला बाहेरून कसं कळेल? आणि प्रॉपर्टी टॅक्सपोटी राज्याकडून अँकर म्हणून काही तरी पैसे मिळतात असं ऐकलं, ते आम्हाला लागू आहे का?

पावतीवाल्या_काकू

अँकर त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला तुम्ही जिथे राहत होता त्यावर ठरतं, आणि पायलटवाल्या बिल्डिंगला तेही नाही. घर घेतल्यावर मात्र नक्की अर्ज कर. २०२४ या वर्षासाठी ६५ च्या आतल्या घरमालकाला १,५०० डॉलर होते, आणि उत्पन्न दीड ते अडीच लाखांत असेल तर १,०००. भाडेकरूला दीड लाखापर्यंतच्या उत्पन्नावर ४५०.

घराचं म्हणशील तर जर्सीत प्रत्येक घराची कर-नोंद सगळ्यांना खुली असते. काउंटी टॅक्स बोर्डाच्या साइटवर पत्ता टाक. बांधकामाच्या किमतीचा रकाना शून्य किंवा अगदीच कमी दिसला तर बिल जमिनीवरचं आहे असं समज. २०२३ चं घर असेल तर आता पूर्ण किंमत लागलेली असायला हवी. तरी मागच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी बघ, आणि त्याच रस्त्यावरच्या तशाच दोन-तीन घरांचेही. मग त्या टाउनशिपच्या असेसरला, म्हणजे घरांची करासाठीची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करून विचार की या लॉटवर काही ॲडेड असेसमेंट बाकी आहे का, बेसमेंट किंवा डेकचं परमिट उघडं आहे का. मालकाने बेसमेंट नुकतंच करून घेतलं असेल तर त्याची वाढ तुझ्या नावावर येईल. वकिलाला सांगून क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, आधी हे करारात घालून घे, की आधीच्या मालकाच्या काळातलं बिल नंतर आलं तर तो भरेल.

फोन सकाळी कर. दुपारी असेसरची माणसं घरं बघायला बाहेर असतात.